सतरा पानं

सगळी वाचून दाखवली तिनं, मराठीतून.
रेवा सोनटक्के, गळ्यात निळं कार्ड,
पान उलटताना दर वेळी: काका, कळलं?
कळलं, म्हणायचो.
अकराव्या पानावर नाही कळलं, तरी कळलं म्हणालो.
तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तेच पुन्हा वाचलं, सावकाश.
‘आपण या अभ्यासातून कधीही,
कोणतंही कारण न सांगता, बाहेर पडू शकता.’

माझ्या बापाला हे वाक्य कुणी वाचून दाखवलं नव्हतं.
करावे गावात, शाळेच्या ओट्यावर,
जांभळ्या शाईत त्याचा अंगठा दुसऱ्यानेच धरून दाबला.
शेत गेलं, मिठागरातला वाटा गेला.
मागाहून, फार मागाहून, साडेबारा टक्के परत आले,
तेव्हा तो भिंतीवर फोटोत होता.

म्हणून म्हटलं, पोरी, मला टक्के कळतात.
तुमचे किती?
ती म्हणाली, माहीत नाही काका.
माहीत नाही म्हणून तर करतोय.
आजवर कुठल्या कचेरीत
असं उत्तर मिळालं नव्हतं.
सही केली.

चिठ्ठी संगणकाने काढली.
पहिल्या गटाला नुसतं औषध, तीन आठवड्यांनी एकदा, शिरेतून.
दुसऱ्याला औषध आणि पाच दिवस किरणं.
मी दुसऱ्यात.
माझ्या अंगात गाठी चार. किरणं एकीवरच,
यकृतातल्या मोठीवर.
मग बाकीच्या तिघी काय बघत बसणार? चांगुणानं विचारलं.
डॉक्टर कुरियन हातवारे करत, मोडक्या मराठीत:
एक गाठ फुटते, तिचे तुकडे रक्तात जातात,
शरीर शत्रूला ओळखतं, मग दुसरीकडेपण मारतं.
कधी कधी. नेहमी नाही.
चांगुणा म्हणाली, म्हणजे लेकी बोले सुने लागे.
त्यांना म्हण माहीत नव्हती.
समजावून घेतली, हसले,
आणि माझ्या फाइलच्या पाठीवर लिहून ठेवली.

आत गार.
पोटावर गोंदलेले तीन ठिपके, तिळाएवढे.
छतातून आवाज: श्वास धरा.
धरतो.
यंत्र माझ्याभोवती फिरतं, दुखत काहीच नाही,
आणि मला आठवते अमावास्येची रात्र,
उधाणाचं पाणी, बांधाला पडलेली खांड,
कुणीतरी ओरडत येतंय, खांड गेली रं, खांड गेली,
आणि घराघरांतून माणसं,
फावडी, पेंढा, चिखल, कंदील.
एका ठिकाणी फुटतं तेव्हा
अख्खं गाव उठतं.
सोडा श्वास.

उठलेलं गाव घरच्यालाही बडवतं, हे मागून कळलं.
अंगभर खाज, रात्री चांगुणा खोबरेल चोळते.
घशातली ग्रंथी मंदावली, तिची गोळी उपाशीपोटी.
रेवा सगळं लिहून घेते. खाज किती, दहापैकी?
सहा म्हणतो. आठ असते.

समोरच्या खुर्चीत भुसावळचे झोपे सर, पहिला गट.
किरणं नाहीत, तरी खोकला गेला,
दोन किलो वजन वाढलं, शर्ट घट्ट झाला म्हणून तक्रार करतात.
मी बरं वाटल्याचं तोंड करतो.
चिठ्ठीवर राग धरता येत नाही, तरी धरतो,
पनवेलच्या फाट्यापर्यंत.

तिसरा स्कॅन. खारघरच्या डोंगरावर ऊन.
किरणं पडली ती गाठ निम्मी झाली, ते अपेक्षितच, म्हणाले.
फुप्फुसातली तशीच. यकृतातली धाकटी तशीच.
कंबरेच्या हाडातली, जिला कुणी हात लावला नाही,
चार मिलिमीटर कमी.
मोजण्यातली चूकही असेल, कुरियन म्हणाले. पुढच्या वेळी बघू.
चार मिलिमीटर म्हणजे किती,
चांगुणानं बोटांच्या चिमटीत धरून पाहिलं.
मिठाचा खडा असतो तेवढा. मोठ्यातला.

बाहेर रेवा थांबलेली, हातात नवा गठ्ठा.
नियम बदललेत काका, एक पान वाढलंय,
पुन्हा सगळं वाचावं लागेल, पुन्हा सही.
अकरावं पान आहे ना अजून?
तिनं उलटून पाहिलं.
आता ते बारावं झालंय.
वाच, म्हटलं. सुरुवातीपासून.
आणि पेन इकडे दे, माझ्याजवळ राहू दे.